व्यालेल्या मेंढीचे पहिले दोन तास

माननीय संपादक,

तुमच्या पेपरात मेंढीपालनावर अनुदान, लसीकरण, चराईचे वाद असं बरंच येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण मेंढी व्याल्यावर पहिल्या दोनेक तासांत तिच्या नाकात आणि मेंदूत काय घडतं यावर कुणी लिहीत नाही. ती कोकराला पाजणार की ढुशी मारून हाकलणार हे बरंचसं तिथंच ठरतं, म्हणून हे पत्र.

एरवी पाणमोटेतल्या पाण्याचा वास मेंढीला अजिबात खपत नाही, पण व्याली की तेच पाणी कोकराच्या अंगावरून चाटत सुटते. पिल्लू बाहेर पडताना योनिमार्गाला जो ताण बसतो त्याचा सिग्नल मेंदूला जातो, तिथं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, आणि नाकाकडून वास जिथं पहिला पोचतो त्या ऑलफॅक्टरी बल्बमध्ये नॉरअॅड्रेनालिन हे रसायन वाढतं. केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न या शास्त्रज्ञांनी 1992 साली या बल्बमधल्या, वासाचा सिग्नल पुढं मेंदूत पोचवणाऱ्या मायट्रल पेशींवरचं संशोधन छापलं. व्यायच्या आधी या पेशी मुख्यतः चाऱ्याच्या वासाला जाग्या व्हायच्या, कोकराच्या वासाचं त्यांना काहीच नव्हतं. व्याल्यावर मात्र कोकराच्या वासाला जाग्या होणाऱ्या पेशी कितीतरी वाढल्या, आणि त्यातल्या काही तर दुसऱ्याच्या कोकरापेक्षा स्वतःच्या कोकराला जास्त. म्हणजे मेंढीचा मेंदू त्या काही तासांत खरोखर बदलतो, मला तर हे वाचून मेंढरांबद्दलचा आदरच वाढला.

हे वाड्यावर रोज बघायला मिळतं. कोकरू कासेला लुचायला लागलं की मेंढी मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते, वास पटला तर उभी राहते, नाही पटला तर पुढं सरकते नाहीतर सरळ डोकं घालते.

आता शेडमध्ये मेंढ्या पाळणारी बरीच नवीन पोरं काय करतात, कोकरू पडलं की लगेच उचलून धुतात, पुसतात, बाजूला ठेवतात. मनात काही वाईट नसतं त्यांच्या, स्वच्छता म्हणूनच करतात, पण साबणानं धुतलेलं कोकरू आई नीट स्वीकारत नाही असं प्रयोगात दिसलंय आणि पहिलटकरणीच्या बाबतीत तर जास्तच. जुळ्यांचं अजून अवघड, कारण मेंढी प्रत्येक पिल्लाचा वास वेगळा ओळखते, सुरुवातीलाच एकाला लांब ठेवलं तर त्याला नंतर घेईलच असं नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतला जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली, तिला जुळी जास्त होतात, तेव्हा ज्यांनी ती घेतलीय त्यांना तर हे माहीत असायलाच हवं.

माझी विनंती एवढीच, पशुवैद्यकीय कॉलेजच्या एखाद्या तज्ज्ञाकडून यावर सोप्या मराठीत लेख घ्या, आणि मेंढीपालनाचं ट्रेनिंग देणाऱ्यांनी व्यायच्या धड्यात चार वाक्यं घालावीत: कोकराचं नाक-तोंड तेवढं मोकळं करा, बाकी अंग आईला चाटू द्या, जुळी असतील तर दोन्ही तिच्या नाकासमोर ठेवा, आणि पोरकं कोकरू लावायचं असेल तर नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या पाणमोटेतलं पाणी त्याच्या अंगाला चोळून लगेच तिच्यापुढं धरा.

आपला,
माण तालुक्यातला एक मेंढपाळ वाचक