तुम्ही न दिलेल्या पैशांबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे हातउसने पैसे मागायला आलो होतो आणि तुम्ही ते दिले नाहीत, याबद्दल तुमचे आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. समोरासमोर आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला; दोन्ही वेळा तुम्ही “वही आणली आहेस का?” असे विचारून विषय बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. यात तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, हे आधी कबूल करतो. हिशेब विभागात इतकी वर्षे काढलेल्या, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या माणसाने मलाच नकार द्यावा, याचे वाईट वाटले होते. तुम्ही एकच प्रश्न विचारला होता, “हे पैसे संपल्यावर पुढच्या महिन्यात काय करशील?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तुम्ही सगळी विवरणपत्रे घेऊन रविवारी दुपारी यायला सांगितलेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण अंथरुणाची लांबी मोजून दाखवणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

तोपर्यंत क्रेडिट कार्डाच्या बिलावरचा ‘किमान देय रक्कम’ हा आकडा मला सवलतीसारखा वाटत असे. तो भरला की त्या महिन्यापुरता मी सुटलो, अशी माझी समजूत होती. तुम्ही शंभराचे उदाहरण घेतलेत. बाकी १००, दरमहा ३ टक्क्यांप्रमाणे व्याज ३, मी भरणार बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ५; तेव्हा मुद्दल फिटली केवळ २. पुढच्या महिन्यात बाकी ९८ झाल्यामुळे किमान रक्कमही तेवढीच खाली उतरते, मला हायसे वाटते आणि कर्जाचे आयुष्य वाढते. या चालीने, एकही नवी खरेदी न करता, कर्ज निम्मे व्हायलाच सुमारे ३४ महिने लागतात. मग तुम्ही त्याच कागदावर दुसरा रकाना आखलात आणि पहिल्या महिन्याचे ते ५ दर महिन्याला तसेच ठेवलेत. त्या रकान्यात कर्ज ३१ महिन्यांत पूर्ण फिटले. रक्कम तीच, फक्त ती खाली येऊ द्यायची नाही! तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. दरमहा ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हेत, तर चक्रवाढीने ४२ टक्क्यांहून अधिक, हेही त्याच कागदाच्या कोपऱ्यात तुमच्या अक्षरात लिहिलेले आहे.

माझी कर्जे तीन होती आणि सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे हे गणित तुम्ही मला दाखवले होते. तरीही मित्राकडून घेतलेले छोटे बिनव्याजी कर्ज मी आधी फेडतो असे म्हणालो, तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाहीत. त्याच्यासमोर मान वर करून उभे राहता येणे ही माझी गरज होती, आणि ती कोणत्याही रकान्यात बसत नव्हती.

कर्ज फेडण्याचे गणित एका दुपारीत समजले. खर्च आवरायला मात्र वर्षे लागली. त्यासाठी तुम्ही मला निग्रह, त्याग असे शब्द कधीच ऐकवले नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते. इच्छा झाली की ती दाबू नकोस, वहीत तारीख घालून लिही आणि ३० दिवस थांब, इतकेच तुम्ही सांगितलेत. शेजारच्या रकान्यात त्या वस्तूची किंमत माझ्या कामाच्या तासांत लिहायची होती, तीही एकूण पगारावरून नव्हे, तर घरखर्च आणि हप्ते वजा जाऊन उरणाऱ्या रकमेवरून. या दुसऱ्या अटीने फार मोठा फरक पडला. एरवी दोन दिवसांच्या कामाची वाटणारी वस्तू त्या हिशेबाने तीन आठवड्यांची निघायची. महिन्याने वही उघडली की निम्म्याहून अधिक नोंदी वाचून मला हसू येई. ही वस्तू मला कशासाठी हवी होती, हेच आठवत नसे. काही इच्छा मात्र टिकल्या, आणि टिकलेली प्रत्येक इच्छा पुरी करण्याइतके पैसे त्या काळात नव्हते. ते जड गेले, हे लपवत नाही.

खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेला माझा कार्ड क्रमांक तुम्ही तुमच्यासमोर पुसायला लावलात, तेव्हा तो मला पोरखेळ वाटला होता. पुढे वाचनात आले की, ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रोख पैसे देणाऱ्यांपेक्षा कार्डाने देणाऱ्यांनी त्याच तिकिटांसाठी दुपटीपर्यंत अधिक बोली लावली होती. पैसे हातातून जाताना जी कळ लागते, ती कार्डामुळे बोथट होते. तुम्ही माझ्यापुरती तिला पुन्हा धार लावलीत. तसेच वार्षिक बोनसचे. तो ‘वरचा पैसा’ म्हणून उडवायला मी मोकळा आहे, अशी माझी धारणा होती. माणूस एकाच पैशाची मनात अशी वेगवेगळी खाती पाडतो, हा अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासाचा एक विषय आहे आणि त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तुम्ही नुसते म्हणाला होतात, “व्याज लावणाऱ्याला तुझा वरचा पैसा आणि खालचा पैसा वेगळा कळतो का?”

पाचव्या महिन्यात मी घसरलो. जुना फोन व्यवस्थित चालत असताना ‘बिनव्याजी हप्त्यां’वर नवा घेतला आणि तीन आठवडे तुम्हाला टाळत राहिलो. अखेर सांगितले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. रोख घेतला असता तर किती सूट होती आणि हप्त्यांसाठी प्रक्रिया शुल्क किती लागले, एवढेच विचारलेत. दोन्ही आकडे मिळवल्यावर बिनव्याजी या शब्दाचा अर्थ मला समजला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका चुकीमुळे सगळेच फिसकटले असे मानून मी वही बंद करणार होतो. तुम्ही ती माझ्याकडून पुन्हा उघडून घेतलीत आणि त्या फोनची नोंद ठळक अक्षरांत करायला लावलीत.

बचतीच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घातला होता, आणि आज माझी माघार जाहीर करतो. बचतीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापुढे नगण्य असते, तेव्हा कर्ज फिटेपर्यंत एक पैही बाजूला ठेवणे हा तोटाच, असा माझा मुद्दा होता. गणित म्हणून तो बरोबरही होता. तुमचे म्हणणे होते की एका महिन्याच्या खर्चाएवढी गंगाजळी आधी हवीच, नाहीतर पहिल्याच अडचणीला हात कार्डाकडे जाईल. दुसऱ्या वर्षी माझ्या दाताचे मोठे काम निघाले आणि कार्ड न काढता पार पडले.

कर्ज फिटून आता वर्ष झाले. शेवटच्या हप्त्यानंतर ‘इतके सोसले, आता थोडी चैन करायला काय हरकत आहे?’ हा विचार मनात आला, आणि कर्जाच्या काळातल्या कोणत्याही मोहापेक्षा तो चिवट होता. तुमच्या सल्ल्याप्रमाणे हप्त्याची रक्कम तशीच चालू ठेवली. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती आपोआप बचत खात्यात जाते आणि खर्चाचा हिशेब उरलेल्या पैशांतूनच सुरू होतो. आज चार महिन्यांच्या खर्चाची तरतूद झाली आहे. सहा महिन्यांची झाली की दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीविषयी विचारायला पुन्हा एखाद्या रविवारी दुपारी येईन.

येताना वही आणीनच. तिचे एकच पान उरले आहे. नव्या वहीची नोंद मी त्या पानावर तारीख घालून केली आहे. तीस दिवस पुढच्या मंगळवारी पूर्ण होतील.

तुमचा ऋणी (या एकाच कर्जाला हप्ता नाही),
वहीवाला