काका, त्या कोर्टाच्या नकलेबद्दल

आदरणीय काका,

सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून भागलं असतं, पण तुम्ही केलंत ते दोन ओळींत मावणारं नाही. शिवाय कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, फॉर्म भरताना माझ्यासारखे आणखी कुणी अडले असतील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

२०११ मध्ये शिष्यवृत्ती थकली म्हणून आम्ही पोरं कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन गेलो. मनाई आदेश लागू होता. चौदा जणांना अटक झाली, रात्र लॉकअपमध्ये गेली, सकाळी बाबांनी जामीन भरला. २०१४ मध्ये सगळे निर्दोष सुटलो. पुढे बाबा गेले, मला नोकरी लागली, लग्न झालं. हा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं.

कॅनडाच्या पीआरचा फॉर्म भरताना एजंट म्हणाला, “पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, क्लीअर आहे, शिक्षा झालेली नाही, ‘नो’ टाका.” मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही जिन्यात भेटलात, हातात भाजीची पिशवी, आणि म्हणालात, “फॉर्म घेऊन ये वर. वाचू.”

फॉर्मच्या शेड्यूल ए मधल्या, म्हणजे पार्श्वभूमी विचारणाऱ्या भागातल्या, प्रश्नांवरून तुमचं बोट सावकाश खाली आलं. गुन्हा सिद्ध झालाय का, खटला चालू आहे का, हा एक प्रश्न. त्याच यादीत दुसरा: कधी ताब्यात घेतलं होतं का, तुरुंगात ठेवलं होतं का? “तिथे नाही, इथे हो,” तुम्ही म्हणालात. “सुटलास, पण रात्र काढलीस ना आत?” मग कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० आपण वाचलं. महत्त्वाची माहिती दडवली तर ५ वर्षं प्रवेश बंद, आणि तेवढा काळ पीआरचा अर्जही करता येत नाही. खरं सांगितलं तर निकालाची प्रत जोडून जी गोष्ट मिटण्यासारखी होती, तिच्यापायी मी सगळंच घालवून बसलो असतो. एजंटचं काय जाणार होतं? फॉर्मवर सही माझी होती.

मग निकालाच्या नकलेसाठी शिवाजीनगर कोर्टाच्या तीन फेऱ्या. निवृत्त होऊन तुम्हाला इतकी वर्षं झाली, गुडघा दुखतो, तरी रिक्षाला नको म्हणालात. आईच्या कपाटात सापडलेल्या समन्सवरून खटला क्रमांक काढलात. नकलेचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिलात, बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलात आणि तळहाताने दाबून धरलात. एफआयआरमध्ये ‘मुंबई पोलीस कायदा’ आणि निकालात ‘महाराष्ट्र पोलीस कायदा’ बघून माझे हातपाय गळाले; मला वाटलं, दोन गुन्हे होते की काय. “कायदा तोच, १९५१ चा. मध्ये नाव बदललंय,” म्हणालात, आणि खुलाशाच्या पत्रात तेवढी एक ओळ घालायला लावलीत.

निकाल मराठीत. बायको इंग्रजी शिकवते, तिच्याकडून भाषांतर करून घेतो, असं मी म्हणालो. घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही, हे तुम्ही सूचनांमध्ये दाखवलंत. मग चष्मा काढून विचारलंत, “तिला माहीत आहे का?” मी गप्प. “फॉर्म उद्या भर. आज घरी सांग.”

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. यायचं तेव्हा येईल. आभार मानायला तोवर थांबवेना.

त्या रात्री मी नक्कल तिच्या हातात दिली. ‘आरोपी क्रमांक ७’ आणि पुढे माझं नाव. साडेचार पानं तिने ओट्याशी उभ्या उभ्याच वाचली, आणि मग विचारलं, “शिष्यवृत्ती मिळाली का शेवटी?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मिळाली होती, काका. त्या दिवाळीनंतर.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा