बाळाच्या तयारीत दातही धरा

संपादक महोदय,

मूल हवे असे ठरले की फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात, थायरॉइड तपासला जातो. दात मात्र ठणका लागेपर्यंत कुणाला आठवत नाहीत. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढल्याने हिरड्या दातांवरच्या जंतूंच्या थराला जास्तच चिडतात, सुजतात, ब्रशला रक्त लागते. आधीचे कीटण असेल तर हा त्रास बळावतो. म्हणून दोन-तीन महिने आधीच स्केलिंग करावे, म्हणजे कीटण काढून घ्यावे, कीड भरावी, वारंवार सुजणाऱ्या अक्कलदाढेचा निकाल लावावा. तेव्हा एक्स-रे, औषधे यांची धास्ती नसते. राहूनच गेले, तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण गळू झाले असेल तर थांबू नये.

‘बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढते’ हे खरे नाही. दात झिजतात ते उलटीतल्या आम्लाने. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास मऊ पडलेले आवरण खरवडले जाते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात, अर्ध्या-एक तासाने ब्रश करावा.

आणि मिश्री! दात घासायची म्हणून तिला कुणी तंबाखू समजतच नाही. तिच्यातले निकोटिन हिरडीवाटे रक्तात जाते. ती दिवस राहण्याआधीच सुटायला हवी.

– एक दंतवैद्य