साडी गार्ड काढून सॅडलबॅग नको

महोदय,

थंडी पडू लागली की पुरवण्यांतून मुलांना घेऊन दुचाकीवर कॅम्पिंगला जाण्याचे लेख येतात. भंडारदरा, पवना, तंबूचे भाडे, चुलीवरचे जेवण, सगळे त्यात असते. मागे मूल आणि वर तंबू अशी गाडी कसारा घाट कशी चढणार, यावर मात्र एक ओळ नसते. फोटोत तर साडी गार्ड, म्हणजे मागच्या चाकाशेजारची जाळी, काढून सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी पिशवी) अडकवलेल्या गाड्याच दिसतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला असावा लागतो. हे संरक्षण फक्त साडीसाठी नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचे पाय फूटरेस्टवर जेमतेम टेकतात. पेंग आली की टाच आत वळते आणि आऱ्यांत जाते. गार्डवर बसेल अशी बॅग घ्यावी. पाय टेकतच नसतील तर बेत पुढे ढकलावा. मुलाला टाकीवर बसवणे हा उपाय नव्हे: जोरात ब्रेक लागला की ते हँडल आणि चालवणाऱ्याची छाती यांच्यामध्ये चेपले जाते.

पाणी, स्टोव्ह, दुरुस्तीचे पाने अशा जड वस्तू सॅडलबॅगेत तळाशी, मागच्या आसाच्या पुढे येतील अशा ठेवाव्यात. कॅरियरवर फक्त स्लीपिंग बॅग आणि चटई. सगळा भार शेपटीला बांधला की पुढचे चाक हलके होते आणि चढाच्या वळणावर हँडल भरकटते. सायलेन्सर आणि बॅग यांत चार बोटे अंतर हवे, नाहीतर नायलॉन वितळते. हुकाच्या रबरी दोऱ्यांऐवजी बकलचे पट्टे वापरावेत. सुटलेला हुक थेट चाकात जातो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सामान तोवर दबलेले असते.

मागच्या टायरमध्ये चेनगार्डवरच्या स्टिकरवर डबलसीटसाठी दिलेली हवा भरावी. ती एकट्यापेक्षा साधारण चार पीएसआय जास्त असते. मागचे शॉकॲब्सॉर्बर एक-दोन खाचा कडक करावेत. चेनचा ढिलेपणा, बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर, दोघे बसून पुन्हा पाहावा. भाराने चेन ताणली जाते. मागची बाजू खाली बसल्याने हेडलाइट वर उठतो, तोही खाली करावा.

चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहेच. नऊ महिने ते चार वर्षे वयासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, सेफ्टी हार्नेस (मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा) आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. अर्थात त्या वयाच्या मुलाला कॅम्पिंगला दुचाकीवर नेऊच नये. मोठ्यांचे हेल्मेट मुलाला चालत नाही. पट्टा लावून मागून पुढे ढकलल्यावर निघून येते ते हेल्मेट निरुपयोगी. मुलाचे हेल्मेट आपल्या पाठीवर टकटक आपटू लागले की मूल झोपले असे समजून लगेच थांबावे. तसेही पाऊण तासाने थांबावेच.

मुक्कामी साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवावा; तलावाकाठच्या मऊ मातीत स्टँड रुततो आणि गाडी तंबूवर कलंडते. म्हणून तंबू गाडीच्या उजव्या बाजूला लावावा. थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूत नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्याला जाग येत नाही. ऊब हवी तर चटई जाड घ्यावी, कारण थंडी मुख्यतः जमिनीतून चढते.

— एक दुचाकीस्वार वाचक, पुणे