आधी स्टेशनचं दार पूर्ण करा, मग गाडी सोडा : नगरविकास मंत्र्यांना धुळ्याहून खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी धुळ्याचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, मोऱ्या, बंधारे, पाण्याच्या टाक्या अशी कामं करतो. धुळ्याला मेट्रो द्या असं म्हणायला हे पत्र नाही. आमच्या खान्देशची कितीतरी पोरं पुण्यात कात्रज-धनकवडीकडे रूम घेऊन शिकतात, नोकऱ्या करतात, आणि तिथे आता स्वारगेट ते कात्रज असा साडेपाच किलोमीटरचा पूर्ण जमिनीखालून जाणारा मेट्रो मार्ग होतोय, 29 सप्टेंबर 2024 ला भूमिपूजन झालंय. त्या स्टेशनांच्या दारांबद्दल बोलायचंय.

साहेब, 26 मे 2025 चे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मुंबईच्या भुयारी मेट्रो-3 चं वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन 10 मे ला लोकांसाठी उघडलं आणि सोळा दिवसांनी जिन्यावरून गढूळ पाणी धो धो खाली आलं, गाड्या वरळीपर्यंतच थांबवाव्या लागल्या. मेट्रोवाल्यांनीच नंतर सांगितलं की एका एन्ट्रीचं काम चालू होतं, तिथे पाणी अडवायला बांधलेली भिंत कोसळली. पाऊस लवकर आला हे खरं आहे, मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून, तो त्याच दिवशी 26 मे ला आला. पण भिंतीला तारीख कळत नाही, तिला फक्त दाब कळतो. भिंतीमागे मीटरभर पाणी उभं राहिलं की तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब, तीन मीटर झालं की तीन टन. हे गणित डिप्लोमाच्या पोराला येतं.

आता हे दारच का घात करतं ते सांगतो, कारण बाहेर याच्यावर कोणी बोलतच नाही. जमिनीखालचं स्टेशन म्हणजे खडकात बसवलेली एक लांबलचक काँक्रीटची पेटी. कडेने पाइल, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब टाकायचे, मग खोदत खाली जायचं, स्लॅब आणि भिंती ओतायच्या, बाहेरून वॉटरप्रूफिंगचं मेम्ब्रेन, शिवाय भूजल पेटीला खालून वर ढकलतं त्याचाही हिशोब धरायचा. हे सगळं आपले इंजिनियर उत्तम करतात, पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन बघा, 33 मीटर खोल आणि तरी वरून ऊन आत येतं, मला त्या कामाचा मनापासून अभिमान वाटतो. मुंबईत मेट्रो-3 खोदणाऱ्या मशीनना नद्यांची नावं होती त्यात आमची तापीसुद्धा होती. म्हणजे पेटी पक्की असते. पण लोकांना आत जायला त्याच पेटीच्या भिंतीला भोक पाडून जिने, सरकते जिने, लिफ्ट रस्त्यावर काढावे लागतात आणि हे काम बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी राहतं, कारण तिथे जागा मिळायची असते, गटारं आणि केबली हलवायच्या असतात, ट्रॅफिक वळवायचा असतो. तोवर उद्घाटनाची तारीख येते. मग दोन दारांवर स्टेशन चालू करतात आणि बाकीची भोकं तात्पुरत्या भिंतीवर सोडून देतात, आणि पाणी बरोबर तिथूनच शिरतं.

विश्वेश्वरय्या 1884 साली सरकारी नोकरीत लागले तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामातलं एक आमच्या धुळ्याकडचं, पांझरेच्या पाटासाठी पाइपचा सायफन, म्हणजे पाटाचं पाणी पलीकडे नेणारा पाइप. पावसाळ्यात नदीला पूर यायला लागला, पाया वाळूने भरायला लागला, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना कळवलं की पाऊस संपेपर्यंत काम थांबवावं. वरिष्ठांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तशाच परिस्थितीत काम पूर्ण करून दाखवलं. तिथे पाटाचं पाणी होतं साहेब, इथे खाली फलाटावर माणसं असणार आहेत. आज एखाद्या साईट इंजिनियरने वर लिहून कळवलं की हे दार पावसाळ्याआधी होत नाही, तर त्याचं ऐकून तारीख पुढे जाईल अशी सोय आपल्याकडे आहे का? मला वाटतं नाही, आणि ती करणं तुमच्या हातात आहे.

कात्रजची काळजी जास्त अशासाठी की 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सगळ्या पुण्याने बघितलंय. कात्रजकडून येणारा हा ओढा सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो, त्या पुरात वीसच्या वर माणसं गेली. मेट्रो जाणार तीसुद्धा याच सातारा रोडच्या बाजूने.

म्हणून एवढं करा. कोणतंही भुयारी स्टेशन सगळी दारं पूर्ण झाल्याशिवाय उघडायचं नाही, आणि एखादं राहिलंच तर ते भोक पूर्ण पाण्याचा दाब धरून डिझाइन केलेल्या आरसीसी भिंतीने बंद करायचं, मातीच्या पोत्यांवर आणि पातळ भिंतीवर नाही. दाराचा ओटा 2019 च्या पुराच्या पातळीच्या वर घ्या, तीन पायऱ्या जास्त चढाव्या लागल्या तरी चालतील, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प द्या. शिवाय दारांना फ्लड गेट, म्हणजे पुराचं पाणी अडवायला लावायचं फाटक बसवा, आणि ते दर मे महिन्यात स्टेशनच्या स्टाफकडून प्रत्यक्ष लावून बघा, नाहीतर ऐन वेळी किल्ली कोणाकडे आहे तेच शोधत बसावं लागतं.

आणि स्वारगेट-कात्रजच्या प्रत्येक दाराची लेव्हल आणि 2019 चं पाणी कुठवर आलं होतं ती रेघ, दोन्ही एकाच नकाशावर काढून मराठीत वेबसाईटवर टाका. डिझाइन कागदावर आहे तोवरच टाका, काँक्रीट ओतल्यावर आमच्यासारख्यांनी चूक दाखवून काही उपयोग नसतो. नकाशा आला की आम्ही इकडचे सिव्हिलवाले तो बसून तपासू आणि काही सापडलं तर लेखी कळवू.

आपला,
धुळ्याचा एक सिव्हिलवाला