बाबांनी स्कॅन करावा, आईने आधी डॉक्टर गाठावा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेली ‘हृदयाचा स्कॅन, जोडप्याला सवलत’ ही जाहिरात वाचली. तुम्ही खुशाल जा. आईला मात्र सवलतीपायी त्या स्कॅनला नेऊ नका.

हा कोरोनरी कॅल्शियम स्कॅन. हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम सीटीवर पांढरं दिसतं, ते मोजून ॲगॅट्स्टन स्कोअर देतात. ज्याला काही त्रास नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नाही हे ठरत नाही, त्याच्यासाठी तो कामाचा. तुमचं नेमकं तेच अडलंय. स्कोअर शून्य आला, तर गोळी काही वर्षं लांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. १०० च्या वर गेला, तर मात्र गोळीला नाही म्हणू नका. पुढे गोळीने हा आकडा थोडा वाढूही शकतो, कारण धमनीत साचलेला चरबीचा मऊ थर कडक होतो. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, म्हणून दरवर्षी स्कॅन करत बसू नका.

त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी नको, सिगारेट तर नकोच. नाडी वाढली की चित्र हलतं. गळ्यातली साखळी घरीच ठेवा. छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावतील, इंजेक्शन नसतं. सांगतील तेव्हा दहाएक सेकंद श्वास अगदी रोखून धरा, नाहीतर आकडा चुकतो. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट. फुप्फुसात गाठ दिसली असं रिपोर्टात लिहून आलं तर घाबरू नका. अशा बारीक गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, तरी डॉक्टरांना दाखवा.

आता आईचं. जिना चढताना छाती जड होते, थांबलं की मोकळं वाटतं, आणि वर इतक्या वर्षांची शुगर. आई, याला ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊ नकोस. तुझा स्कोअर शून्य आला तरी मला धीर येणार नाही, कारण कॅल्शियम न धरलेला मऊ थर या स्कॅनला दिसतच नाही आणि शुगरवाल्यांत तोही असू शकतो. नुसता ईसीजी चांगला आला म्हणूनही परत फिरू नका. बसल्याजागी काढलेला ईसीजी अशा दुखण्यात साफ येऊ शकतो.

याच आठवड्यात तिथे नागपुरात धंतोलीत किंवा रामदासपेठेत हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली, तर ती धमन्यांतला अडथळा दाखवणारी वेगळी तपासणी. तिच्यात शिरेतून आयोडीनचं औषध देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. मूत्रपिंड कमजोर निघालं, तर शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास ती थांबवायची का ते विचारा. नाडी साठच्या आसपास आणायला गोळी देतात, तेव्हा दमा असल्यास आधी सांगा. या उन्हात पाणी पिऊन जा, आणि जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या.

बसल्याबसल्या छाती दुखली, घाम सुटला किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं, तर माझ्या फोनची वाट पाहू नका. सरळ १०८ लावा.

आईची वेळ मिळाली की कळवा. बाबांचा स्कॅन त्यानंतर.

तुमची लेक