डी.ओ. आणि ९२ टक्क्यांचा हिशेब

महोदय,

खान्देशातून अमेरिकेत गेलेल्या घरांतली पुढची पिढी आता तिकडच्या मेडिकल कॉलेजांत शिकते आहे. त्यातल्या काहींच्या नावापुढे एम.डी.ऐवजी डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) लागणार असतं. तसा बायोडाटा जळगाव-भुसावळ-धुळ्यात कुणाच्या हाती पडला, की विचारणा सुरू होते : हा पुरा डॉक्टर, की नुसता हाडं बसवणारा? तिकडचे मामा मात्र सांगतात, ‘डी.ओ.चे ९२ टक्के मॅच होतात, काही काळजी नको.’ मॅच होणं म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात रेसिडेन्सीची, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाची, जागा मिळणं. शंका चुकीची आहे आणि दिलासा अर्धवट.

शंकेचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेतली डी.ओ. ही आधी कॉलेजची पदवी घेऊन, एमकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळणाऱ्या प्रवेशानंतरची चार वर्षांची पूर्ण वैद्यकीय पदवी आहे. औषध लिहिण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा परवाना सर्व ५० राज्यांत मिळतो. एम.डी.पेक्षा जास्तीचं काय, तर हाताने करायच्या उपचारांचं सुमारे २०० तासांचं शिक्षण. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या वर्गांतून वाटली जाणारी ‘ऑस्टिओपॅथी’ची प्रमाणपत्रं आणि ही पदवी यांचा काडीचाही संबंध नाही.

आता ते ९२ टक्के. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सींची मान्यता एसीजीएमई या एकाच संस्थेकडे आहे आणि डी.ओ.साठीची वेगळी मॅच बंद झाली आहे. २०२५ मध्ये शेवटच्या वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ९२.६ टक्के मॅच झाले, एम.डी.चे ९३.५ टक्के. फरक एका टक्क्याचाही नाही. पण यात रेसिडेन्सीच्या जागांच्या पसंतीक्रमाची यादी भरणारेच मोजले जातात. एकही मुलाखत न आल्याने यादीच न भरलेले आधीच गळालेले असतात. एक वर्षाची प्रिलिमिनरी जागा मिळाली तरी ती ‘मॅच’ धरली जाते, मग पुढे काय याचा पत्ता नसला तरी. आणि सल्लागाराने ‘त्वचारोगाचा नाद सोड’ म्हटल्यावर तिसऱ्या वर्षी फॅमिली मेडिसिनकडे वळलेली मुलगीही या आकड्यात यशस्वी म्हणूनच दिसते.

खरी दरी शाखेनुसार दिसते. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, फिजिकल मेडिसिन यांत डी.ओ. मोठ्या संख्येने आहेत. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग, कान-नाक-घसा यांतल्या बहुतेक जागा मात्र एम.डी.च घेऊन जातात. ऑर्थोपेडिक्समध्ये थोडी बरी स्थिती आहे, कारण जुन्या ऑस्टिओपॅथिक रेसिडेन्सींपैकी ज्या नव्या व्यवस्थेत टिकल्या, त्या आजही डी.ओ. घेतात.

असं का होतं? आपल्याकडे नीट-पीजीचा रँक लागला की बरंचसं ठरून जातं. तिकडे एकच गुणवत्ता यादी नसते. प्रत्येक विभाग आपल्या चाळणीने अर्ज गाळतो आणि पहिली चाळणी परीक्षेची असते. डी.ओ.ची स्वतःची परीक्षा कॉमलेक्स, एम.डी.ची यूएसएमएलई. स्पर्धेच्या शाखांतल्या अनेक विभागांना कॉमलेक्सचे गुण वाचताच येत नाहीत, म्हणून डी.ओ. विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात : दुहेरी फी, दुहेरी तयारी. पूर्वी यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे स्टेप १ मध्ये, घसघशीत गुण मिळवून ‘आम्हीही कमी नाही’ हे दाखवता येत असे. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ फक्त पास-नापास झाली आणि ती सोय गेली. आमच्या मते या बदलाचा फटका डी.ओ. विद्यार्थ्यांनाच जास्त बसला, कारण गुण दिसेनासे झाले की कॉलेजचं नाव आणि संशोधन ठळक दिसू लागतं. आता सगळा भार त्याच परीक्षेच्या पुढच्या टप्प्यावर, स्टेप २ सीके वर आहे. पास व्हायला २१८ पुरतात. ऑर्थो किंवा त्वचारोगात निवड झालेल्यांची सरासरी २५५ च्या आसपास असते. सराव चाचणीत गुण स्थिर झाल्याशिवाय तारीख घेऊ नये. यूएसएमएलईच्या गुणपत्रकात प्रत्येक प्रयत्न दिसतो, नापास झालेलाही.

दुसरी अडचण घरच्या विभागाची. बहुतेक डी.ओ. कॉलेजांचं स्वतःचं विद्यापीठ रुग्णालय नसतं; विद्यार्थी गावोगावच्या रुग्णालयांत विखुरलेले असतात. त्यामुळे न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक रोज भेटत नाहीत, शोधनिबंधात नाव लागत नाही आणि ओळखीच्या प्राध्यापकाचं वजनदार शिफारसपत्रही मिळत नाही. यावर उपाय एकच, चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या रुग्णालयांत चार-चार आठवड्यांच्या ऑडिशन रोटेशन करणं, म्हणजे तिथे काम करून आपली पारख करू देणं. पण इथेच गाडी अडते. काही विभाग डी.ओ. विद्यार्थ्यांना रोटेशनलाच घेत नाहीत. शिवाय हे रोटेशन उन्हाळ्यात सुरू होतात आणि अर्ज विभागांना दिसतात सप्टेंबरअखेर. स्टेप २ चा निकाल त्याआधी हाती हवा. म्हणजे परीक्षा आणि ऑडिशन एकाच उन्हाळ्यात. जूनअखेरपर्यंत परीक्षा उरकणाऱ्याचीच दमछाक कमी होते. संशोधनाचं तर दुसऱ्या वर्षीच सुरू करावं लागतं.

अर्जासोबत मोजके ‘सिग्नल’ही, म्हणजे ‘मला तुमच्याकडे खास रस आहे’ असं विभागाला कळवणारे संकेत, पाठवता येतात, ऑर्थोत ते ३० आहेत. सिग्नल नसलेल्या अर्जाला मुलाखत क्वचितच येते. नामांकित विद्यापीठांवर ते उधळण्यापेक्षा आधी प्रत्येक विभागाच्या सध्याच्या रेसिडेंटांची यादी उघडावी. गेल्या काही वर्षांत एकही डी.ओ. घेतलेला नसेल, तर तो सिग्नल वाया गेला म्हणून समजा. जोडीला दुसऱ्या शाखेत अर्ज ठेवावा, पण त्यासाठी शिफारसपत्रं आणि निवेदन वेगळं लिहिलेलं हवं. तेच निवेदन दोन्हीकडे पाठवलेलं मुलाखत घेणाऱ्यांच्या पटकन लक्षात येतं.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी कॉलेजकडे मागील तीन वर्षांची मॅच यादी मागावी. नुसती टक्केवारी नको; शाखा आणि रुग्णालयाच्या नावासह, आणि कोणत्या जागा प्रिलिमिनरी होत्या हे वेगळं लिहिलेलं.

आपले,
परदेशी वैद्यकीय शिक्षणाबाबत मार्गदर्शन करणारे दोघे, जळगाव